लाइनीवरचं बोलणं

चहाच्या पेल्याच्या कडेवर निळ्या रंगाचा ठिपका होता — मुगाएवढाही नसेल, पण ओला. कुसुमावतीने अंगठ्याने पुसला तर तो पसरला. पेला बळीरामने ठेवला होता, आत्ताच. आणि बळीरामला तर रंगखात्यातून काढून गोदामात आणि चहा वाटण्यावर टाकल्याला महिना होत आला होता, मग ओला रंग त्याच्या बोटांना आला कुठून… विचारावं म्हणून तिने मान वर केली तोवर तो दाराबाहेर गेला होता.

हिंगण्याच्या या लोखंडी कपाटांच्या कारखान्यात ती टेलेक्सवर होती. मुंबईच्या ऑफिसातून ऑर्डर यायची, टेलेक्स खडखडायचा, ती कागद फाडून स्वतः रंगखात्यात न्यायची आणि बळीराम गजभियेला वाचून दाखवायची — इतकी राखाडी, इतकी हिरवी — आणि तो नाकावरचा फडका खाली ओढून म्हणायचा, "झालं समजा, ताई." दिवाळीनंतर रंग मारणारा यांत्रिक हात आला. पाठोपाठ पुण्याहून चारुशीला नावाची इंजिनीअर पोरगी आली, एक कॉम्प्युटर आणि एक चपटी पेटी घेऊन. आणि टेलिफोनच्या तारेवरून मुंबईचा कॉम्प्युटर त्या हाताला थेट ऑर्डर सांगू लागला. मध्ये कुणी नको. बळीरामची पिचकारी नको, टेलेक्सचा कागद नको, आणि उद्या कदाचित… नाही, तसं अजून कुणी म्हटलेलं नव्हतं. म्हणत नव्हते हेच तर तिला खुपत होतं.

आणि आता तो हात चुकत होता. निळी कपाटं मागवली तर आदल्या दिवसासारखी राखाडीच रंगवायचा. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. कुणीतरी मुद्दाम करतं आहे, असं मॅनेजर देवपुजारीसाहेब उघड बोलू लागले होते, आणि पेल्यावरच्या त्या निळ्या डागाकडे बघताना कुसुमावतीच्या मनात बळीरामचं नाव इतक्या सहज आलं की तिची तिलाच लाज वाटली. तरी नाव मागे हटलं नाही. राग त्याच्याइतका कुणाला असणार? माझ्याइतका, फार तर.

चार वाजता साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. चारुशीला आधीच बसली होती, डोळे जागरणाने सुजलेले.

"लाइन चालू असताना कुणीतरी फोन उचलतं आहे," ती म्हणाली. "दोन्हीकडची यंत्रं आधी एकमेकांना विचारतात, आहेस का? आहे, असं उत्तर आलं की एकेक ओळ सांगायची आणि नीट पोचली का ते ताडून बघायचं. मध्येच कुणी रिसीव्हर उचलला की शब्द बिघडतात. पुन्हा सांगायचं, पुन्हा बिघडतं. शेवटी हात नवीन ऑर्डर सोडून देतो आणि कालचीच चालवतो. काम थांबू नये म्हणून मीच तसं ठेवलं होतं."

"त्या लाइनीवर फोन किती?" साहेबांनी विचारलं.

"दोन. एक रंगखात्यात. एक ताईंच्या टेबलावर."

"म्हणजे रंगखात्यातला," साहेब म्हणाले. त्यांनी कुसुमावतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "गजभियेला बोलवा."

आपल्या टेबलावरचा फोन तिला आठवला. तो चिरका आवाज — आधी एक किंचाळी, मग दुसरी, उत्तर दिल्यासारखी — तो तिने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिने घरी फोन लावायला रिसीव्हर उचलला होता. दुसऱ्यांदा मात्र… दुसऱ्यांदा तिने श्वास रोखून ऐकलं होतं, काहीतरी कळेल म्हणून, आपल्याविषयी काही बोलतात का ते, जणू त्या खरखरीत कुठेतरी तिचं, धकातेबाईंचं, नाव येणार होतं. उमरेडला वडील असेच शेजाऱ्याच्या भिंतीला कान लावून उभे राहायचे. पलीकडे पॉवरलूम आला होता. अलीकडे त्यांचा हातमाग, त्यावर अर्धं लुगडं, आणि वडील मागावर नाहीत, भिंतीशी. ऐकून काय मिळतं, बाबा? तिने विचारलं होतं. त्यांनी नुसता हात हलवून तिला गप्प केलं होतं.

बळीराम आला, दाराशीच थांबला.

"मी जात होतो साहेब रंगखात्यात. फोरमननं बोलावलं म्हून. चुकलेली कपाटं हातानं निळी करून राहिलो. फोनले मी हात नाही लावला."

"चौकशी होईपर्यंत उद्यापासून कामावर येऊ नका."

"काहून साहेब?"

साहेबांनी समोरची फाइल ओढली. चारुशीला कुसुमावतीकडे वळली. "ताई, तुमच्या फोनवर कधी चिरका आवाज ऐकू आला?"

"नाही."

शब्द केव्हा निघाला तेही तिला कळलं नाही. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत तिच्या कोणत्याच शब्दावर कुणी शंका घेतली नव्हती, आणि आज पहिल्यांदा तिला त्या विश्वासाची भीती वाटली.

पण मला कुठे माहीत होतं? नव्हतंच माहीत. मात्र रिसीव्हर उचलला की टेलेक्सशेजारी ठेवलेल्या चपट्या पेटीवरचा हिरवा दिवा तांबडा व्हायचा, हे तिने पाहिलं होतं. तांबडा झालेला पाहूनही ठेवला नव्हता. एकदा तर, तांबडा होतो का हे बघायलाच उचलला होता… आणि झाला तेव्हा जे वाटलं, त्याला भीती म्हणता आलं नसतं.

कंपनीच्या बसमध्ये बळीराम तिच्या शेजारी येऊन बसला. एरवी तो पुढे, ड्रायव्हरजवळ बसायचा. बस फाटकातून बाहेर पडली.

"तुमाले काय वाटते, ताई? मी केलं असंन?"

"नाही, बळीराम."

"मले मालूम होतं, तुमी असंच म्हनसान." तो खिडकीबाहेर बघत होता. "चहा घेऊन येतो तवा तुमी रोजच फोन कानाले लावून असता. बोलत काही नाही. आयकून राहता नुसतं. घरचं काही असंन म्हनून मी आवाज देत नाही."

 त्याच्या आवाजात काही होतं की नव्हतं? तिने त्याचा चेहरा तपासला — दमलेला, धुळीने माखलेला, रोजचाच. केबिनमध्ये त्याने हे का सांगितलं नाही? सुचलं नाही म्हणून, की तिला वाचवायचं म्हणून, की तिनेच बोलावं म्हणून वाट बघत होता… अजूनही बघतो आहे?

"घरी सगळं ठीक हाय ना, ताई?" त्याने विचारलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

त्याने मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. त्याला खरोखरच झोप लागली होती की नाही, हे ओळखायचा प्रयत्न करत ती ताठ बसून राहिली. त्याने आत्ता डोळे उघडावेत, सरळ तिच्या तोंडावर विचारावं, असं तिला वाटत होतं. आणि बस जरा हादरली, त्याची मान कलली, की तो जागा झाला असं वाटून ती झटकन नजर समोर वळवत होती.