पाठीतली सुई

चतुराबाईनं चादरीखाली हात घालून मांडीला करकचून चिमटा काढला. काहीच कळलं नाही. दुसऱ्याच कुणाचं तरी अंग चिमटल्यासारखं वाटलं.

"डोकं उचलू नका," अख्तरी नर्स म्हणाली. "पाठीत सुई दिली, तिचा असर सांजेपर्यंत राहील. मग दुखेल. तेव्हा सांगायचं, लाजायचं न्हाई."

हिंगोलीच्या दवाखान्यात सकाळी तिच्या पित्ताशयातले खडे काढले होते. पडद्यापलीकडं पोट चिरत होते आणि ती जागी होती. भांड्यात टाकलेल्या चिमट्यांचा आवाज तिनं ऐकला, पण दुखलं नाही. बरगडीखाली कळेची धास्ती नाही, अशी सहा वर्षांतली ही पहिलीच दुपार.

सहा वर्षं ती चुलीपुढं, शेतात, कुठंही दुमडून पडायची. कामाची वेळ झाली की हिला सोंग सुचतं, असं सासू म्हणायची. नवरा ग्यानबा काही म्हणायचा नाही. नुसता तिला ओलांडून जायचा. शेवटी डोळे पिवळे पडले तेव्हा तिच्या भावानं, सोनाजीनं, डोंगरकडा गावातून तिला गाडीत घालून इथं आणलं.

ऊन कलताना ग्यानबा आला. नर्सनं त्याला बाटलीतले खडे दाखवले. त्यानं बाटली उजेडात धरून हलवली.

"एवढुसे?"

मग तो खाटेकडं वळला. "दुखून राहिलं का?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती. हे त्यानं पहिल्यांदाच विचारलं. चतुराबाईला भरून आलं.

"न्हाई," ती म्हणाली. "जरा बी न्हाई."

"बराबर. मग परवा गाडी आणतो. ज्वारी काढणीला आली, मायच्यानं एकटीनं होत न्हाई. डॉक्टर पंधरा दिवस म्हणून राहिला, पण दुखतच न्हाई तर पडून काय करायचं?"

ती छताकडं बघत राहिली. मग तिनं डोळे मिटले, ओठ दाताखाली धरला आणि कण्हायला लागली. आधी हळू, मग मोठ्यानं.

ग्यानबाचा चेहरा उतरला. तो दाराशी धावला.

"बाई, हिकडं या. हिला लई तकलीफ होऊन राहिली."

अख्तरी आली. तिनं नाडी धरली, मग तळव्याला टाचणी टोचून बघितली. पाय हलला नाही. ती क्षणभर चतुराबाईच्या मिटलेल्या डोळ्यांकडं बघत राहिली.

"पंधरा दिवसांनी भागायचं न्हाई," ती ग्यानबाला म्हणाली. "महिना लागेल."

ग्यानबानं मान डोलावली. खांद्यावरचा शेला सावरत तो निघून गेला.

तो गेल्यावरही चतुराबाई बराच वेळ कण्हत होती.