शिट्टीला उत्तर देणारा डोंगर

मित्रांनो, मी एक जुना प्रेशर कुकर आहे. पाच लिटरचा, ॲल्युमिनियमचा, मुठीचा स्क्रू जरा ढिला. मिशिगनमधल्या नोव्हाय गावात गुरुनाथकाकांच्या ओट्याखाली माझा मुक्काम असतो. मला थोडं वाढवून सांगायची खोड आहे. जन्मभर वाफ कोंडून ठेवणाऱ्याला एवढी मुभा असावी.

माझा जन्म कारखान्यातला. पत्र्याची सपाट चकती होतो मी, यंत्राने दाबून दाबून मला पोट दिलं. तपासणीच्या वेळी मी अशी काही शिट्टी मारली, की छपरावरची कबुतरं उडाली ती म्हणे अजून उतरलेली नाहीत. शोभनाताईंच्या आईने मला नागपूरच्या बाजारातून उचललं, पोटात काळा मसाला, मेतकूट आणि हिंगाची डबी कोंबली आणि लेकीबरोबर अमेरिकेला धाडलं.

इथे माझे चांगले दिवस गेले. गुरुनाथकाका मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर, शोभनाताई लायब्ररीत, आणि घरात लहानगी रुही. गणपतीत मंडळाचा मसालेभात माझ्याच पोटी शिजायचा. लोक म्हणायचे, "शोभना, तुझ्या कुकरच्या भाताला काय चव येते गं!" मी मनातल्या मनात आणखी एक शिट्टी मारायचो.

मग रुही शिकायला बॉस्टनला गेली आणि तिथलीच झाली. घरात एक इलेक्ट्रिक कुकर आला. तो शिट्टी मारत नाही, बीप करतो. काम झालं की बीप, बिघडलं तरी बीप. त्याच्याशी काय बोलणार!

शोभनाताईंना एकच वेड होतं. फ्रान्समधला साव्वा नावाचा डोंगराळ प्रांत त्यांनी टीव्हीवर पाहिला होता. तिकिटं काढली, आणि त्या आजारी पडल्या. काकांनी तिकिटं कॅन्सल केली. हिवाळ्यात त्या गेल्या.

त्यानंतर मला कोणी शेगडीवर चढवलं नाही. काका पाव खायचे, उभ्या उभ्या, सिंकपाशी. माझी रबराची रिंग सुकून कडक झाली. मे महिन्यात रुही घर आवरायला आली. तिने मला हातात घेतलं, रिंग पाहिली आणि दान द्यायच्या खोक्यात ठेवलं. जाता जाता म्हणाली, "बाबा, आईची ट्रिप आपण दोघं करू या. आणि प्लीज, लोकल फूड खायचं. खाकरे नाही, चिवडा नाही, काही नाही."

"बरं," काका म्हणाले.

निघायच्या दिवशी त्यांनी मला गुपचूप खोक्यातून काढलं, स्वेटरमध्ये गुंडाळलं आणि बॅगेत घातलं. विमानतळाच्या यंत्रात माझी सावली दिसली म्हणे, तेव्हा अर्धं अमेरिकन सैन्य गोळा झालं. निदान मला तरी तसं वाटलं.

आता साव्वा प्रांत मी कसा पाहिला ते सांगतो. बॅगेत असताना कसा पाहिला, असं विचारू नका. आन्सी गावात रस्त्यांच्या जागी पाणी वाहतं आणि त्या पाण्याच्या मधोमध नावेसारखा निमुळता, जुना दगडी तुरुंग उभा आहे. तिथल्या कैद्यांना म्हणे अंघोळीसाठी कधी बाहेर काढावं लागलं नाही. शांबेरीच्या चौकात कारंज्यावर चार हत्ती आहेत, चौघांनाही मागची बाजूच नाही. शिल्पकाराचा दगड संपला की हत्ती लाजले, देव जाणे. कोंफ्लांच्या टेकडीवर इतक्या जुन्या गल्ल्या आहेत, की दोन बायका समोरासमोरच्या खिडक्यांतून एकमेकींच्या डाळीत मीठ टाकू शकतील.

रुही सगळं चवीने खात होती. चौकोनी दाण्यांसारखा क्रोझे नावाचा पास्ता, बटाट्यावर चीज वितळवलेलं तार्तिफ्लेत.

"बाबा, ट्राय तरी कर. स्मेली नाहीये, एज्ड आहे."

"मीपण एज्ड आहे. मला कुणी पावाला लावत नाही."

रुही हसली. काका हसले नाहीत. त्यांनी बटाटे तेवढे वेचून खाल्ले आणि नदीकडे बघत बसले.

शेवटी आम्ही वर डोंगरात एका लाकडी घरात उतरलो. जून असूनही भिंतीच्या सावलीत जुना बर्फ टिकून होता. नशिबाने शेगडी गॅसची होती. सकाळी रुही पाव आणायला गावात उतरली, आणि काकांनी मला बाहेर काढलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतः डाळ-तांदूळ धुतले, माझ्याच पोटात लपवून आणलेले. मला चढवलं. मी जीव एकवटला. पण कडक रिंगेच्या चहूबाजूंनी वाफ फसफसून निघून जात होती. शिट्टीपर्यंत काही पोचेना.

तेवढ्यात दार उघडलं.

"सीरियसली, बाबा? हा मी डोनेशनमध्ये टाकला होता!"

"मी काढला."

"पण का? आपण ठरवलं होतं ना?"

"तिने आणला असता," काका म्हणाले. "तिला आणायचं राहिलं. म्हणून हा आणला."

काकांनी गॅस बंद केला. "जाऊ दे. हा आता कामाचा नाही. इथेच कुठेतरी कचऱ्याचा डबा असेल." त्यांनी मला मुठीला धरून उचललं.

मित्रांनो, मी पुष्कळ गमजा मारतो, पण त्या क्षणी मी नुसता गार पडत गेलेला पत्रा होतो.

"थांब ना," रुही म्हणाली. तिने झाकण काढलं, रिंग सोडवली आणि बाहेर जाऊन भिंतीकडेच्या बर्फात खुपसली.

"हे काय करतेस?"

"आई फ्रीझरमध्ये टाकायची. आखडून घट्ट बसते."

"तुला कसं माहीत?"

"मी ओट्यावर बसून होमवर्क करायचे, बाबा. तू ऑफिसात असायचास."

रिंग परत बसली. पाणी घालून पुन्हा गॅस. दोघं माझ्यासमोर उभे, कोणी कोणाकडे बघेना. आणि मी शिट्टी मारली. खिडकीची तावदानं थरथरली, खालच्या चर्चची घंटा आपोआप वाजली, मोंब्लां शिखरावरचा बर्फ बोटभर खचला!

आणि वरच्या उतारावरून उत्तर आलं. लांब, तीक्ष्ण, अगदी माझ्याच सुरातली शिट्टी.

हे मात्र मी वाढवून सांगत नाही. तिथे मार्मोट नावाचा प्राणी राहतो, खारीचा चांगलं खाल्लेला थोरला भाऊ. धोका दिसला की तो शिट्टी मारतो. मी दुसरी मारली. वरून दोघा-तिघांनी मारल्या. काका खिडकीशी धावले. "रुही, ऐक, ऐक!" किती महिन्यांनी त्यांचा आवाज असा वर चढला होता. एवढ्या वर्षांत मलाही कोणी उत्तर दिलं नव्हतं.

तूप नव्हतं म्हणून वरणभातावर साव्वाचं लोणी सोडलं. काका बसून जेवले. दुसऱ्यांदा भात घेतला.

"मीठ विसरलास," रुही म्हणाली. आणि मग बराच वेळ ताटातल्या भातात बोट फिरवत राहिली.

डेट्रॉइटच्या विमानतळावरून ती तशीच बॉस्टनला गेली. दानाचं खोकं माझ्याविनाच रवाना झालं. आता दर रविवारी काका मला चढवतात. पण मी घडलो पाच माणसांसाठी, आणि एका माणसाच्या भाताचं माप त्यांना कोणी शिकवलेलं नाही. भात उरतो. मंगळवारपर्यंत पुरतो. काका दोन ताटल्या काढतात, मग एक परत ठेवतात. माझ्या थापा ऐकायला तो बीपवाला आहे, आणि त्याला विनोद कळत नाही.

म्हणून एक विनवणी आहे, मित्रांनो. तुमच्या घरातला जुना कुकर टाकू नका. त्याची रिंग गार पाण्यात ठेवून बघा, नाहीच जमलं तर नवी आणा, नोव्हायच्या दुकानातही मिळते. आणि त्या कुकरपाशी कोणी एकटं उभं असेल, तर फोनवर "जेवलास का?" एवढंच विचारून ठेवून देऊ नका. या. रविवारी या, न कळवता या.

भात पुष्कळ असतो.