पिच्चरमधलं कुंकू

माझ्या भावाने पिच्चर काढला तो आमच्या बाबांवर. गोष्ट त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला वाटलं होतं, चला, हा पोरगा आयुष्यात एकदा तरी काही धड करतोय. धनराज लग्नांचं शूटिंग करतो. नवरा-नवरीला बदामाच्या आकारात बसवण्यात त्याची अर्धी उमर गेली. पण गोष्ट खरंच चांगली होती, कारण ती त्याची नव्हतीच. ती आमच्या मायची होती.

गोष्ट एवढीच. आमचे बाबा, किशन, पोळ्याच्या तोंडावर आमच्या इंझोरीहून एसटीने कारंजाला गेले, बैलांचा साज आणायला. नव्या झुली, गोंडे, घुंगरं. संध्याकाळच्या गाडीने येतो म्हणाले आणि आले नाहीत. मी तेव्हा चौथीत होते, धनराज अंगावर पीत होता. भांडण नव्हतं, आजार नव्हता, प्रेत मिळालं नाही. कोणी म्हणे बाजारात दिसले, कोणी म्हणे मूर्तिजापूरच्या गाडीत बसताना पाहिले. त्या वर्षी आमचे बैल तसेच उघडे तोरणाखाली उभे राहिले, आणि माय संध्याकाळच्या गाडीच्या वेळेला ओट्यावर येऊन बसली. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. ती अजून बसते.

तिने कुंकू पुसलं नाही. आमच्याकडे माणूस बारा वर्षं सापडला नाही तर पळसाच्या पानांचा, गवताचा पुतळा करतात, पोराच्या हाताने त्याला अग्नी देतात आणि बाई विधवा झाली असं धरतात. बारा वर्षं झाली तेव्हा मोठा काका, जगदेव, चार माणसं घेऊन आला होता. माय उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "मानूस मेला ते दाखवा पह्यले, मंग जाळा." माणसं चहासुद्धा न घेता परत गेली.

गावाने मग तिचं मान्य केलं. शेजारच्या धुरपता काकूंकडे महालक्ष्म्या बसतात. जेवणाच्या दिवशी सवाशीण म्हणून माय त्यांच्या पाटावर बसते, दरवर्षी. आमच्या घरी महालक्ष्म्या नाहीत, माझ्या सासरीही नाहीत, म्हणून मी त्या दिवशी कारंजाहून माहेरी येते आणि तिच्यासाठी नवं झंपर शिवून आणते. शिवणकाम हाच माझा धंदा आहे. मायला दुसऱ्या कशाची हौस नाही, पण त्या पाटाची आहे. तिथं बसलं की बाबा कुठंतरी जिवंत आहेत हे सगळ्या गावाने एका ताटात वाढल्यासारखं होतं.

तर ही गोष्ट धनराजने घेतली. बाई वाट पाहते, माणूस येत नाही, आणि ती ठाम. मी म्हटलं, "लेका, असा पिच्चर झाला तं लोकं रडतीन." तो म्हणाला, "ताई, तू फक्त पाह्य." कलाकारांचे कपडे मी फुकट शिवून दिले. मात्र शूटिंग पाहायला गेले नाही, लग्नसराई होती. मायलाही त्याने काही दाखवलं नाही. बाबांचा घरातला एकुलता एक फोटो तेवढा मोठा करून आणतो म्हणून घेऊन गेला.

गणपतीत, मंडळाच्या मंडपात त्याने पिच्चर लावला. अख्खा गाव लोटला. मीही यंदा महालक्ष्म्यांच्या आधीच माहेरी आले होते. मायला पुढे खुर्ची दिली होती. तिने धुतलेलं पातळ नेसलं होतं आणि हातात रुमाल धरला होता, आपण रडणार हे तिने आधीच धरलं होतं.

काय सांगू. पहिल्या दहा मिनिटांत माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोळा नव्हताच. गावात बैल उरले कुठं, सगळ्यांकडे ट्रॅक्टर, म्हणून याने साज काढूनच टाकला. बाबा दारू पिऊन भांडतात आणि ढगांच्या गडगडाटात निघून जातात. आमच्या बाबांनी विडीसुद्धा ओढली नव्हती. मायचं काम निकिता नावाच्या कारंजाच्या कॉलेजातल्या पोरीने केलं होतं. पोरगी गोड, पण शेणाच्या टोपल्याला हात लावताना तिची जांभळी नखं आधी दिसायची. मध्येच एक इन्स्पेक्टर येतो, तो का येतो ते धनराजलाही माहीत नसावं. मागची पोरं शिट्ट्या मारू लागली. चांगलं कापड बेतताना वाया घालवलेलं मी रोज पाहते, पण हे कापड आमच्या घरातलं होतं.

आणि वाट पाहणं? ते एका गाण्यात उरकलं. निकिता दारात उभी, कॅलेंडरची पानं भराभर उडाली, तिच्या केसांना पावडर लागली, गाणं संपलं. मी मायकडे पाहिलं. ती पडद्याकडे अशी बघत होती, जणू कुणी तिला चुकीच्या स्टॉपवर उतरवून दिलं आहे.

मग शेवट आला. गाण्यानंतर गावात निरोप येतो की माणूस परगावी मेला. प्रेत आणतात. सरणावर झोपायला कोण तयार होणार, म्हणून याने तुरीच्या तुराट्या आणि कुटार, म्हणजे भूस, बांधून, वरून पळसाची पानं गुंडाळून माणसाच्या मापाचा पुतळा केला होता आणि त्यावर पांढरं कापड टाकलं होतं. शेजारी बाबांचा खरा फोटो, हार घातलेला. घरच्या मोठ्या माणसाच्या कामाला जगदेव काकालाच उभं केलं होतं. काकाने कुळाचं नाव घेतलं, बाबांचं नाव घेतलं, आणि धनराजने, जो पिच्चरमध्येही मुलगाच झाला होता, खांद्यावर मडकं घेऊन फेरे मारले आणि अग्नी दिला. बाया गावातल्याच. त्यांना नुसतं बसायला सांगितलं होतं, मायला कळू देऊ नका म्हणून बजावलं होतं, पण त्यांनी हेल काढला. धुरपता काकू तर "माह्या किशन्या रे" म्हणत अशा कोसळल्या की मंडपातल्या शिट्ट्या बंद झाल्या. शेवटी निकिताने एका हाताने, हळूहळू, कपाळाचं कुंकू पुसलं. मागून सनई वाजली.

सगळ्या पिच्चरमध्ये तेवढंच जमलं होतं. मंडपात बायका पुन्हा रडत होत्या, माणसं डोळे पुसत होती. मायचा रुमाल मात्र घडीतच होता. ती उठली आणि घरी गेली.

मी धनराजला मंडपामागेच गाठलं. "बाबाच्या फोटोले हार घातला तुनं?"

"ताई, शेवट तं पायजे ना."

"आन वाट पाह्यनं एका गान्यात?"

"मंग कसं दाखवू वं? त्यात काही होतच नाई. बाई बसते, आन बसते. लोकं उठून जातात." तो खरंच गोंधळलेला होता. "लोकं रडले ना शेवटी? तू पाह्यलं ना?"

मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. पण त्याचं एक खरं होतं, त्याला बाबा आठवतच नाहीत. तो कधी कुणाची वाट पाहत बसला नाही.

"पानं कोनं सांगतली तुले पळसाची?"

"काकानं. म्हने नुसतं कुटार चपटं दिसते, पानं लाव, आंग भरते."

काकाने हे मुद्दाम केलं की हाताच्या सवयीने, हे मला आजही सांगता येत नाही. विचारलं तर म्हणाला, पिच्चरचं काम होतं, मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारची एक बाई पिठलं-भाकरी घेऊन आली. मरतिकीच्या घरी चूल पेटत नाही म्हणून आणतात तशी, पदराखाली झाकून. मी दारातच विचारलं, "हे कायले?" ती गडबडली, म्हणाली, "असंच वं, जास्त झाली होती." मायने आतून ते ऐकलं. तिने चूल पेटवली आणि मुद्दाम धूर होईल अशी ओली लाकडं घातली.

महालक्ष्म्या बसल्या, पण धुरपता काकूंकडून सांगावा आला नाही. दरवर्षी त्या स्वतः येतात, उंबऱ्यावर कुंकवाचं बोट लावतात आणि म्हणतात, उद्या जेवाले ये. मी वाट न पाहता त्यांच्या घरी गेले. काकू भाज्या निवडत बसल्या होत्या. मला पाहून त्यांचे डोळे भरले.

"काकू, मायले सांगतलं नाई तुमी."

"कसं सांगू वं मंजुषा? पुतळा जाळला. पोटच्या पोरानं अग्नी देला, नाव घेऊन देला. मी देवीसमोर तिले सवाशीन म्हनून बसवू?"

"काकू, तो पिच्चर होता!"

"पिच्चर होता तं बाकीचं सारं खोटं काहून वाटलं वं?" काकू म्हणाल्या. "तेवढंच काहून खरं वाटलं? मी त्या दिवशी खरी रडली. तीस वर्सांचं रडू अडकून होतं. धनराजनं बंद कर म्हनलं तरी थांबता नाई आलं. मले मनात कळलं का किशन गेला."

मी रागाने निघून आले, पण राग काकूंवर धरता येईना. वाट पाहणं नीट दाखवलं असतं तर कुणाला ते मरण पटलं नसतं. धनराजने खरी गोष्ट खोटी केली आणि खोटी गोष्ट खरी. त्याच्या पिच्चरला नावं ठेवून हसण्याजोगी सुद्धा ही गोष्ट राहिली नाही.

त्याला मी सगळं सांगितलं. तो काकूंकडे गेला, हात जोडले, शेवट कापून टाकतो म्हणाला, बाबा परत येतात असं शूट करतो म्हणाला. काकू म्हणाल्या, "बाप्पा, जाळलेलं कापता येते का?"

जेवणाच्या दिवशी मायने सकाळीच अंघोळ केली. गुलबक्षी पातळ नेसली, मी आणलेलं झंपर घातलं, मेणावर कुंकू लावलं, नेहमीपेक्षा मोठं. आणि ओट्यावर येऊन बसली. मी म्हटलं, "माय, आत चाल." ती म्हणाली, "येतीन बोलवाले. घाई असते आजच्या दिवशी."

धनराज खाली पायरीवर बसला. काकूंच्या घरातून पुरणाचा वास येत होता. आंबील ढवळल्याचा आवाज येत होता. आमच्या दाराशी कुणी आलं की माय पदर सावरायची, पाय खाली घ्यायची, आणि माणूस पुढे गेला की पाय पुन्हा वर. दोन घरं सोडून राहणारी मदनसिंगची सून नवी साडी नेसून आली आणि काकूंच्या दारात गेली. पाटावर बसवण्याआधी तिचे पाय धुतल्याचं पाणी मोरीतून बाहेर आलं. मायने ते पाहिलं. तरी ती बसूनच राहिली, फक्त पदर सावरणं थांबलं.

धनराज तिच्याकडे पाहत होता. पिच्चरच्या वेळी त्याने जे शोधायला हवं होतं ते सगळं त्याच्यासमोर दोन हातांवर बसलं होतं. त्याचा हात मोबाइलच्या खिशाकडे गेला. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. हात परत आला, आणि तो दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. मला त्याची कीव आली नाही. खरं सांगते, नाही आली.

उन्हं उतरल्यावर काकूंची सून हेमला ताट घेऊन आली. ताट भरलेलं होतं, सोळा भाज्या, पुरणपोळी, सगळं. ताट घरी पाठवतात ते आजारी माणसाला, नाहीतर ज्याला पंगतीत बसवता येत नाही त्याला. हेमलाने मला हळदकुंकू लावलं. मग करंडा हातात धरून मायसमोर उभी राहिली. मायने सवयीने कपाळ पुढे केलं. हेमलाचं बोट करंड्यातच राहिलं.

"आत्याबाईनं..." ती सासूच्या घराकडे पाहत म्हणाली.

मायने कपाळ मागे घेतलं. ताट तिच्या हातून नीट धरून घेतलं. "जाय बाई," ती म्हणाली, "पंगत खोळंबली असंन."

ताट माझ्याकडे देऊन ती मोरीत गेली. बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला. मी दोनदा हाक मारली. ती बाहेर आली तेव्हा तिचं कपाळ सोललं जाईल इतकं लाल झालं होतं, आणि मधोमध तो काळपट गोल डाग तसाच होता. मेणाचा, कुंकवाचा, तीस वर्षांचा. तिच्या हातात मी आणलेल्या झंपराचं उरलेलं कापड होतं, ओलं.

ती धनराजसमोर येऊन बसली. आवाजात राग नव्हता. घरातली शिवणाची मशीन बिघडली की ती मला विचारते, तशीच तिने त्याला विचारलं.

"काहून रे धनराज, तुह्या पिच्चरमंधी त्या पोरीचं एकाच हातानं पुसल्या गेलं होतं ना? माह्यं काहून निंगून नाई राह्यलं?"