साडेसातचा अनध्याय

ब्रह्मा घाटाच्या पायऱ्या चढून डावीकडे वळलं की ढुंढिराज गुरुजींची वेदपाठशाळा लागते. पाठशाळा म्हणजे त्यांचं राहतं घरच. खालच्या दालानात अकरा विद्यार्थी, वर गुरुजी, नंदाकाकू आणि मुलगी मालविका. रोज सकाळी सातला दालानात संथा सुरू होते. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं तेच दोनदा म्हणतात, आणि हे तीस वर्षं असंच चाललं आहे. कोपऱ्यावरचा दूधवाला तर घड्याळ बघतच नाही.

या मालविकेला चीनमधल्या एका प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायची नोकरी लागली होती. लागली होती म्हणजे पुरती लागली नव्हती. नेमणुकीचं पत्र पाठवण्याआधी तीन दिवस एकेक तास ऑनलाइन घेऊन दाखवा, असं शाळेचं म्हणणं होतं, आणि तिसऱ्या तासाला खुद्द मुख्याध्यापिका बसणार होत्या. त्यांचे सकाळचे दहा म्हणजे आपले साडेसात. ऐन संथेची वेळ! एरवी कशालाही न घाबरणारी ही मुलगी, पण वडिलांना 'अण्णा, थोडा वेळ थांबाल का?' एवढं विचारायला तिची जीभ रेटेना. अंगात एकशे चार ताप असतानाही ज्यांनी संथा चुकवली नाही, त्यांना काय विचारायचं?

पहिल्या दिवशी तिने मैत्रिणीचा कोट चढवला, मागे पांढरी चादर लावली आणि हातात कापडी ससा घेतला. पडद्यावर बेचाळीस मुलं एकदम उठून उभी राहिली, कमरेत वाकली आणि ओरडली, "गुड मॉर्निंग, टीचर!" मालविका हरखून गेली. जन्मात तिच्यासाठी कुणी असं उठलं नव्हतं. पण खाली अकरा गळे सातपासून लागलेले होतेच. तिने खिडक्या लावल्या, दाराच्या फटीत रजई कोंबली. वेदांना रजई काय अडवणार! दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तास संपल्यावर तिथल्या वर्गशिक्षिका लिन मॅडमनी गोड आवाजात विचारलं, "मागे तो आवाज कसला येतो? उद्या मुख्याध्यापिका असतील, म्हणून विचारते."

काहीबाही उत्तर देऊन मालविकेने लॅपटॉप मिटला आणि तरातरा स्वयंपाकघरात गेली.

"आई, माझी नोकरी जाणार! या शोरगुलात कोण पढाई करेल? सुबह-सुबह नुसता हल्ला!" चिडली की तिच्या मराठीत गल्लीतली हिंदी अशी घुसायची.

नंदाकाकूंनी डोळ्यांनी खुणावलं, पण तोवर उशीर झाला होता. मागे नळावर अण्णा पाय धूत होते. त्यांनी नळ बंद केला, पाय पुसले आणि खाली गेले. शोरगुल! ज्या आवाजावर ती वाढली, त्याला ती शोरगुल म्हणाली. शरमेने तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माफी मागायला गेली का? नाही. हट्ट बापाचाच उतरला होता.

तिसऱ्या दिवशी साडेसात वाजले. मुलं उठली, वाकली, बसली. शेवटच्या बाकावर चष्मा लावलेल्या मुख्याध्यापिका दिसत होत्या. मालविकेने ससा वर धरला आणि तिच्या लक्षात आलं, की घरात चिडीचूप आहे. खोकलासुद्धा ऐकू येत नव्हता. तिला बरं वाटायला हवं होतं; पण तिचे कान खालीच लागून राहिले.

तेवढ्यात पहिल्या बाकावरच्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीने हात वर केला. ती आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली आणि सगळा वर्ग माना डोलवू लागला.

लिन मॅडम हसल्या. "मुलं विचारतायत, आज ते गाणं का नाही? काल दिवसभर त्यांनी तेच गुणगुणलं. मुख्याध्यापिका बाईंनाही ऐकायचंय. म्हणून तर मी काल विचारलं होतं."

मालविका दोन मिनिटांची सवड मागून जिना धडाधड उतरली. दालानात मुलं तोंडं मिटून ओळीने बसली होती आणि अण्णा भिंतीला टेकून समोर बघत होते.

"अण्णा, वर चला ना! ते लोग तुमची संथा ऐकायला थांबलेत."

"आज अनध्याय आहे," अण्णा म्हणाले. अनध्याय म्हणजे वेद शिकण्या-शिकवण्याला सुट्टी.

"आज कसला अनध्याय? ना अष्टमी, ना अमावास्या!"

"घरी शिष्ट आले की त्या वेळेपुरता अनध्याय असतो. मोठं माणूस दारी आलं, तर त्याच्याकडे बघायचं, पाठ चालू ठेवायचा नाही. तुझी आई सांगत होती, बेचाळीस विद्यार्थी आणि एक मुख्याध्यापिका आलेत वर. आणि त्यांना शिकवायला एक बाई."

मालविकेचे डोळे भरून आले. "अण्णा, मी काल जे बोलले..."

"ते नंतर. पोरं खोळंबलीत."

"मग म्हणा ना काहीतरी! तुम्हीच दिलाय अनध्याय, तुम्हीच तोडा."

"असा तोडता येत नाही, बेटा." अण्णा खरोखरच अडचणीत आले होते. लेकीसाठी दिलेली सुट्टी लेकीच्याच आड आली होती. त्यांनी क्षणभर डोकं खाजवलं. "आज पाठ काय आहे तुझा?"

"माय नेम इज."

"मग त्याचीच संथा देतो. इंग्रजीला कुठे अनध्याय असतो?"

उपरणं सावरत अण्णा पडद्यासमोर आले. म्हातारे शिक्षक दिसताच सगळा वर्ग न सांगता ताडकन उभा राहिला आणि कमरेत वाकला. अण्णांनी हात जोडले आणि बराच वेळ तसेच धरले. मग खणखणीत आवाजात, हात वर-खाली करत, अगदी ऋचा सांगावी तसं त्यांनी सुरू केलं, "माय नेम इज ढुंढिराज!" आणि दोन बोटं दाखवली.

बेचाळीस मुलांनी ते दोनदा म्हटलं. दाराबाहेर जिन्यावर दाटीवाटीने बसलेल्या अकरा जणांनीही म्हटलं. तीही शेवटी मुलंच. पुढे मालविकेने एकेका मुलाला आपापलं नाव घालून म्हणायला लावलं. शेवटच्या बाकावर मुख्याध्यापिका बाईही माय नेम इज म्हणत होत्या, तेही दोनदा. ससा कुठे पडला, कुणाला ठाऊक!

आठवड्याभरात शाळेचं पत्र आलं, महिन्याभराने व्हिसा आला. निघायच्या दिवशी मालविका सकाळी साडेसातला बॅग घेऊन खाली उतरली, तर दालानात संथा जोरात चालू होती. ती उंबऱ्यापाशी थांबली. अण्णांनी हाताने मुलांना जरा थांबवलं.

"अण्णा, आज अनध्याय नाही दिला?" तिने हसायचा प्रयत्न केला.

"शिष्ट घरी आले की देतात. जाताना देत नाहीत." अण्णांनी उपरणं सावरलं. "परत आलीस की देईन."

आणि मुलांकडे वळून त्यांनी पुढचं पद एकदा म्हटलं. मुलांनी ते दोनदा म्हटलं. गल्लीच्या वळणापर्यंत तो आवाज मालविकेच्या सोबत आला.