मनुबाई उंबरठ्यावर बसली

मित्रांनो, मी एक जुना उंबरठा आहे. कल्याणजवळच्या मोहने गावात गल्लीच्या टोकाला एक घर आहे. त्याच्यासमोरून जाताना अजूनही काही जण पावलं जरा भरभर उचलतात. मी त्या घराचा. गाव त्याला भुताचं घर म्हणतं. भूत या घरात दोनदा आलं असंही सांगतं. दोन्ही वेळा मी इथेच होतो, कारण उंबरठ्याला उठून दुसरीकडे जाता येत नाही. तेव्हा खरं काय घडलं ते माझ्याकडूनच ऐका. घाबरू नका. मला भीती दाखवायची नाही, मला आभार मानायचे आहेत.

मी सागाचा. चांगदेव नावाच्या शेतकऱ्याने हे घर बांधलं तेव्हा सुताराने मला रंधा मारून गुळगुळीत केलं आणि दोन्ही टोकांना एकेक कमळ कोरलं. बाहेर ओटी, आत घर आणि मधोमध मी. सकाळी मला पुसून हळदीकुंकवाची बोटं ओढायची, सणाला माझ्यापुढे रांगोळी काढायची, असा माझा थाट होता. येणारा-जाणारा माझी कमळं बघून थांबायचा. थोडा गर्व झाला होता मला, खोटं कशाला बोलू?

चांगदेवचा मुलगा गोमाजी. तो शेती सोडून रेयॉनच्या कारखान्यात लागला आणि बाप जो रुसला तो रुसलाच. बाप ओटीवर, मुलगा आत, आणि दोघांत अबोला. अशा घरात मनुबाई नवी सून म्हणून आली. माप ओलांडताना तिचं पाऊल माझ्यावर पडलं तेव्हा ती हसत होती. हसरी आणि बडबडी पोर होती ती. पण तिच्या वाट्याला स्वतःचं बोलणं फारसं आलंच नाही. "त्याला सांग, भात कापायला माणूस नाय." "बाबांना सांग, मना सुट्टी नाय." असे निरोप ती माझ्या या अंगाला एक पाय आणि त्या अंगाला एक पाय ठेवून पोचवायची. उंबरठ्यावरून वस्तू देऊ-घेऊ नये म्हणतात. निरोपांना मात्र कुणी बंदी घातली नव्हती, आणि ते निरोप दगडासारखे जड असायचे.

एक दिवस तिच्या तोंडून घोगरा, पुरुषी आवाज आला. तिने सासऱ्याला नावाने हाक मारली, नवऱ्याला शिव्या घातल्या आणि ती जमिनीवर लोळायला लागली. झालं! भूत लागलं म्हणून बोंब उठली. काळुराम भगत तेव्हा तरुण होता, नवा नवा. त्याने दार लावून मिरच्यांचा धूर केला, तिला निर्गुडीच्या फोकांनी झोडपलं आणि भूत परत येऊ नये म्हणून माझ्या छातीत लोखंडी खिळे ठोकले. माझं एक कमळ तडकलं. मनुबाई गप्प झाली. लोकांनी काळुरामला मानाचा नारळ दिला, शाबासकी दिली. बाप-लेक मात्र शेवटपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत.

पुढे सासरा गेला, कारखाना बंद झाला, गोमाजीही गेला. कौलं जाऊन स्लॅब आला, फरशी आली. "हे लाकूड काढून टाका, ग्रॅनाइट बसवू," असं मिस्त्री म्हणाला. मनुबाईने नुसती मान हलवली. त्या नकारामुळे मी आज आहे. पण माझी हळद गेली, रांगोळीच्या जागी प्लास्टिकचं स्टिकर आलं. माझ्यावर चपला पडायला लागल्या. चालायचंच.

मनुबाईला दोन मुलगे. थोरला जयेश कल्याण स्टेशनवर रिक्षा चालवतो. घर ओढता ओढता त्याचं लग्न राहून गेलं. धाकटा हितेश ठाण्याला नौपाड्यात एका दवाखान्यात नोकरी करतो. त्याचं लग्न ठरलं तेव्हा आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे हळद दणक्यात होणार होती. जयेशने हौसेने बेंजोवाले वाजंत्री सांगितले. हितेशने न विचारता डीजे आणला. दोन्ही आले, आमनेसामने लागले आणि कुणाचंच गाणं कुणाला कळेना. भांडण पेटलं. हितेश भर मांडवात भावाला काहीतरी बोलून गेला आणि जयेश मागच्या दाराने निघून गेला. दुसऱ्या दिवशी हेमांगी नवी सून म्हणून आली ती थेट त्या अबोल्यात.

जयेशने ओटीवर बिऱ्हाड मांडलं. हितेश आत. आणि मध्ये माझ्यावर हेमांगी, या अंगाला एक पाय आणि त्या अंगाला एक पाय. "सांग तुझ्या भाऊजींना, रिक्षा दारात लावू नको." "सांग त्याला, दार काय त्याच्या बापाचा हाय काय?" बाप तर दोघांचा एकच! पण हे त्यांना कोण सांगणार? पोर वाळत चालली होती, तिची झोप उडाली होती. मनुबाई कोपऱ्यातून बघायची आणि पदराचं टोक चावायची. माझ्या तडकलेल्या कमळात काहीतरी पुन्हा दुखायला लागलं होतं.

एका रविवारी सकाळी पाण्याच्या मोटरवरून सुरू झालं. "सांग त्याला, टाकी वाहतेय," हितेश आतून म्हणाला. "सांग त्याला, टाकी मीच बसवलीय," जयेश बाहेरून म्हणाला. हेमांगीने तोंड उघडलं आणि आवाज आला तो तिचा नव्हता. जाड, खर्जातला होता. ती ओटीकडे वळली.

"जयेश! माझ्या हळदीतून तू निघून गेलास. अख्ख्या मांडवात मी तुलाच शोधत होतो!"

मग ती आत हितेशकडे वळली. "तुला खांद्यावर बसवून शाळेत नेला रे मी. एक बेंजो मागितला, तं चार मानसांत मना बिनलग्नाचा बोललास?"

आणि ती माझ्यावर कोसळली. दातखिळी बसली.

हे निरोप तिला कुणीच दिले नव्हते, मित्रांनो. पण दिवसभर दोघांचे शब्द वाहणाऱ्याला त्या शब्दांच्या मागचंही ऐकू येत असावं, असं मला वाटतं. भावांना मात्र घाम फुटला. शेजारी जमले. "सासूचं भूत सुनेला लागलं," बायका कुजबुजल्या. "पार्ट टू आला रे!" गल्लीतली पोरं ओरडली. हेमांगीला आत नेऊन निजवलं आणि जयेश रिक्षा घेऊन काळुराम भगताला आणायला गेला. हितेशने त्याला अडवलं नाही. दवाखान्यात नोकरी करणारा माणूस, पण भीतीपुढे शहाणपण टिकत नाही. भगताला आणण्यावर तेवढं दोघांचं एकमत झालं.

काळुराम आता म्हातारा झाला होता, पण फोक त्याच निर्गुडीचे होते. तो ओटीवर चढला आणि थबकला. मनुबाई माझ्यावर मांडी घालून बसली होती.

"मनूबाय, उठ. उंबऱ्यावर बसू नये. लक्ष्मी जाते घरातली."

"लक्ष्मी आत निजलीय. तिला मारायला देऊन मी दुसरी कुठली लक्ष्मी राखू?"

"तुझंच भूत हाय ता. मीच काढलेला. मना म्हायती हाय."

"तू कायपन काढला नाय, काळुराम," मनुबाई म्हणाली. "माझे अंगान कोन नव्हता. मीच होती. दोघांचा बोलना वाहून वाहून मी फुटली. आन तू मना मारलास. तवापासून मी गप हाय."

बसलेल्या माणसाला ओलांडून जाऊ नये, हे भगतालाही ठाऊक होतं. त्यातून विधवा म्हातारी. त्याने पाय उचलला आणि तसाच मागे घेतला.

"आये," जयेशने विचारलं. "तुला मारलेलं?"

मनुबाईने खांद्यावरचा पदर थोडा सरकवला. लहानपणापासून पाहिलेले ते फोकांचे डाग मुलांना आजवर भाजल्याचे वाटत होते.

जन्मभर मला पाय लागले. त्या सकाळी पहिल्यांदा कुणी माझ्यावर विश्वासाने बसलं, आणि माझ्या आधाराने एक घर अडवून धरलं. मी लाकूड आहे, तिला धरू शकत नव्हतो. पण मी हललो नाही, एवढंच माझ्या हातात होतं. मनुबाई, तुझे उपकार मी कसे फेडू?

जयेशने काळुरामच्या हातातले फोक घेतले आणि गुडघ्यावर मोडले. मग आईच्या डोक्यावरून आत बघत तो म्हणाला, "हितेश, हेमाला उचल. मी रिक्षा वळवतो. दवाखान्यात नेऊ."

आतून आवाज आला, "हो, दादा."

तेव्हा कुठे मनुबाई उठली.

डॉक्टर म्हणाले, झोप नाही, खाणं नाही, आणि मनावर फार ओझं. औषध दिलं, विश्रांती सांगितली. हेमांगी काही दिवस माहेरी राहून परत आली. दोघं भाऊ अजून भांडतात बरं का! मोटर तीच, टाकी तीच. पण आता तोंडावर भांडतात आणि संध्याकाळी एकाच ताटात मासे खातात. मनुबाई तर इतकी बोलते की शेजारणी कंटाळतात. आणि मी? मला पुन्हा हळदीची बोटं लागतात. काळुराम या बाजूला फिरकत नाही.

मित्रांनो, घराला झपाटणारं भूत बाहेरून येत नाही. न बोललेलं बोलणं घरातच साचतं आणि मग ते सगळ्यात जास्त सोसणाऱ्या माणसाच्या तोंडातून बाहेर पडतं. त्याला मारू नका. त्याच्याजवळ बसा, त्याचं ऐका, डॉक्टरांकडे न्या. आणि ज्याच्याशी रुसला असाल त्याला जे सांगायचं ते स्वतःच्या तोंडाने सांगा.

परवाच हितेश सवयीने म्हणाला, "हेमा, दादाला सांग ना..."

हेमांगी माझ्यावरून पलीकडे जाता जाता म्हणाली, "तुझा भाऊ आहे, तूच सांग. मी माझ्या कामाला चाललेय."

आवाज बारीक होता, थोडा चिडका होता, पण तिचा होता.