दुसऱ्या परीक्षकाचे पूर्ण गुण

नियतकालिकाकडून उत्तर आलं तेव्हा मी वर्गावर होते, म्हणून पहिला संताप गिळावा लागला. संपादकांनी गोड शब्दांत लिहिलं होतं की लेख आवडला, मात्र तो तपासणाऱ्या रिव्ह्यूअरच्या शंकांचं महिन्याभरात निरसन करावं, मग छापायचं बघू. हा रिव्ह्यूअर कोण ते आपल्याला कधी सांगत नाहीत, आणि आपण कोण ते त्याला. त्यामुळे तोंडावर जे बोलायची छाती होणार नाही ते लोक लिहून मोकळे होतात. याने लिहिलं होतं, ‘परीक्षक दोन यांनी काही मुलांना सरसकट पाचपैकी पाच गुण दिले आहेत. त्याच मुलांना परीक्षक एक यांनी जेमतेम एक-दोन दिलेले दिसतात. परीक्षक दोन यांच्या कानावर विसंबता येईल का?’

परीक्षक दोन म्हणजे माझे बाबा.

माझ्या लेखाचा विषय साधा होता. लहान मुलं एकेकटी गातात तेव्हा कितपत सुरात असतात? एका शाळेच्या सामानाच्या खोलीत मी एकेका मुलाला उभं केलं आणि गाणं रेकॉर्ड केलं. अशा कामात गुण देणारे दोघे लागतात आणि त्यांनी एकमेकांशी बोलायचं नसतं. शिवाय लॅपटॉपचा आवाज मी ठरवून दिलेल्या खुणेवरून हलवायचा नाही, असा माझा नियम होता, म्हणजे सगळ्यांना एकच माप. पहिली परीक्षक आमच्या संगीत विभागातली व्हायोलिनवाली. दुसरे बाबा. ते माझे वडील आहेत हे संपादकांना आधीच कळवलं होतं आणि त्यांची हरकत नव्हती. जन्मभर शाळेत गाणं शिकवलेला माणूस, निवृत्त झाल्यावरही दर शनिवारी वस्तीच्या सभागृहात मुलांचं समूहगान बसवतो. लहानपणी भांडी घासताना मी गुणगुणले आणि जरा घसरले, की बाहेरच्या खोलीतून बाबा नुसते खाकरायचे. त्या कानावर शंका घेणारा हा कोण टिकोजीराव लागून गेला?

त्याचे दात त्याच्याच घशात घालायचे म्हणून मी ती सगळी रेकॉर्डिंग काढली आणि विभागातल्या रिकाम्या खोलीत ऐकायला बसले. पहिलं मूल बेसूर होतं. दुसरंही. तिसरं तर गाण्याच्या आसपासही फिरकलं नव्हतं. पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी होती. सगळी अगदी हळू गात होती, स्वतःच्या कॉलरमध्ये तोंड घालून गावं तशी. मोठ्याने गाणाऱ्या मुलांना बाबांनी दिलेले गुण व्हायोलिनवालीच्या गुणांशी तंतोतंत जुळत होते. हळू गाणाऱ्या प्रत्येकाला मात्र पाच.

माझा राग कुठल्या कुठे गेला आणि मला भीती वाटली.

घरी आमची एक जुनी थट्टा आहे. आई म्हणते, ‘‘यांचे कान म्हणजे सरकारी कचेरी, स्वतःच्या सोयीने उघडतात.’’ चहा झालाय म्हटलं की लगेच ऐकू येतं, पिशवी घेऊन जा म्हटलं की नाही. आम्ही सगळे हसतो, बाबाही हसतात. त्यांना यातलं किती ऐकू येत होतं, हे इतक्या वर्षांत मी एकदाही विचारलं नव्हतं.

व्हायोलिनवालीने ऐकून घेतलं आणि क्षणभरही न थांबता तोडगा काढला. ‘‘अगं, परीक्षक बदल. ‘अपरिहार्य कारणाने’ असं लिही आणि दुसऱ्या कुणाकडून गुण घे. रिव्ह्यूअर खूश, लेख छापून येईल, बाबांना पत्ता लागणार नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.’’

खोटं कशाला सांगू, मला तो तोडगा आवडला होता. तोंडावर जाऊन ‘बाबा, तुम्हाला ऐकू येत नाही’ म्हणण्यापेक्षा नवा परीक्षक शोधणं फार सोपं होतं. मी एकाला फोनही केला.

मग शनिवारी सभागृहावर गेले. बाबांना घ्यायला आले, असं स्वतःला सांगत होते. मुलं रांगांत उभी होती. पुढची रांग जीव तोडून गात होती. मागच्या रांगेतली तीन-चार मुलं नुसते ओठ हलवत होती, एक मुलगी गात होती ती भलत्याच सुरात, आणि बाबा हात हलवत त्यांच्याकडे बघून कौतुकाने मान डोलावत होते. ती मुलगी हसली. तिला वाटलं, आपलं बरोबर चाललंय.

मुलं गेली. खुर्च्या रचून झाल्यावर मी बाबांच्या अगदी समोर बसले. समोर बसलं की त्यांना नीट कळतं, हेही मला याच आठवड्यात उमगलं होतं. रिव्ह्यूअरची ओळ वाचून दाखवली. मला वाटलं, भडकतील.

‘‘हुशार दिसतोय,’’ ते म्हणाले. ‘‘कोण आहे?’’

‘‘ते सांगत नाहीत.’’

‘‘बरं करतात.’’

‘‘बाबा, ती मुलं तुम्हाला ऐकू आली होती का?’’

‘‘नाही.’’

मी सारवासारव ऐकायच्या तयारीने आले होते.

‘‘मग पाच कसे दिलेत?’’

‘‘मग काय द्यायला हवे होते? मला ऐकू येत नाही यात त्या लेकरांचा काय दोष? शून्य दिलं असतं तर माझ्या कानांची शिक्षा त्यांना झाली असती. संशयाचा फायदा दिला.’’

‘‘मला सांगायचं होतं तुम्ही.’’

‘‘तुला सांगितलं की तुझ्या आईला कळणार. आईला कळलं की माझा शनिवार गेला.’’ त्यांनी रचलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. ‘‘कशी गायली होती ती लेकरं?’’

मला त्यांचा राग येत होता आणि त्यांना जवळही घ्यावंसं वाटत होतं. ‘चांगली गायली’ म्हणायला काहीच लागलं नसतं. पण सुराच्या बाबतीत थाप मारायची नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

‘‘बेसूर, बाबा. जवळजवळ सगळी.’’

त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, ‘‘म्हणजे इथल्या मागच्या रांगेलाही मी असेच पाच देत असणार.’’

मी लॅपटॉपची पिशवी जवळ ओढली. त्यांना हवं ते उत्तर त्यात मिळालं असावं.

‘‘रेकॉर्डिंगमधली एक मुलगी सोडून,’’ मी म्हणाले. ‘‘ती अगदी सुरात होती. सगळ्यांत हळू तीच गायली.’’

‘‘ऐकव मला. आणि तो नियम गुंडाळून ठेव, आवाज वाढव.’’

मी लॅपटॉप काढला, हेडफोन त्यांच्या कानांवर बसवले, गुणांचा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवली आणि आवाज शेवटच्या टोकाला नेऊन सोडला. समोर बसून मलाही ती मुलगी ऐकू येत होती. एकेका सुरावर जपून पाय ठेवत चालली होती.

‘‘लावलंस का?’’ बाबांनी विचारलं.

‘‘लावलंय.’’

त्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरले आणि माझ्याकडे बघत राहिले. गाणं संपल्याचं मी हाताने खुणावलं.

‘‘छान गाते,’’ ते म्हणाले.

‘‘आलं ऐकू?’’ माझा आवाज जरा चढलाच.

‘‘नाही गं. काहीतरी हलतंय, एवढंच कळलं. छान गाते ते तुझ्या चेहऱ्यावर दिसलं.’’ त्यांनी पेन्सिल उचलली, तिच्या क्रमांकापुढे टेकवली आणि तशीच धरून ठेवली. ‘‘पण चेहरे बघून गुण द्यायचे नसतात. त्या रिव्ह्यूअरला खरं ते लिहून टाक.’’

मग रकाना कोरा ठेवून त्यांनी कागद माझ्याकडे सरकवला.