पांदेलेचा पलंग

आमच्याकडे माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी त्याच्या नावाने गरिबाला पलंग द्यायची रीत आहे. गादी, उशी, रजई, पायाशी सपाता, शेजारी मेज. इथे द्याल तेच त्याला तिकडे मिळतं. माझा नवरा पांदेले इथे चाळीस वर्षं माझ्या शेजारी ढाराढूर झोपला, तेव्हा तिकडे त्याला फरशीवर निजवणं बरं दिसलं नसतं.

आमच्या ब्राइला शहरात गरिबांचा काही तोटा नाही, पण कपडे सगळ्यांना हवेत, पलंग कुणालाच नको. मला दाचियाना आठवली. अनाथाश्रमात मी एकवीस वर्षं स्वयंपाक केला, तिथलीच ही पोर. आई इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करायला गेली ती गेलीच, बापाचं घर दारूच्या बाटलीत. शाळा संपली, अठरा पूर्ण झाली, तशी आश्रमाने हातात पिशवी देऊन तिला निरोप दिला. मैत्रिणीकडे राहिली, तर घरमालकाने तीन महिन्यांत दोघींनाही हाकललं. आता ती बसस्थानकाच्या प्रतीक्षागृहात असते असं ऐकलं होतं.

तिथेच सापडली, नळावर तोंड धूत होती. पलंगाचं ऐकून हसली, शनिवारी चाळिसाव्याला येऊन घेईन म्हणाली आणि मग तिने आपलं सांगितलं. ब्रेडच्या कारखान्यात तिला काम मिळत होतं, राहायला खोलीसकट, सोमवारपासून. अडलं होतं ते ओळखपत्रापाशी. जुन्यावर आश्रमाचा पत्ता, तेही संपलेलं. नवं हवं तर कुणा घरमालकाने कचेरीच्या खिडकीशी उभं राहून 'ही माझ्याकडे राहते' असं सांगायला हवं.

"फक्त कागदावर हो, मावशी," ती म्हणाली. "घरात पाऊलसुद्धा टाकणार नाही. तुमच्या भोपळ्याच्या सुपाची शप्पथ."

माझं सूप आश्रमात कुणाला आवडत नसे. मी हसले आणि शुक्रवारी येते म्हणून शब्द दिला.

गुरुवारी माझा मुलगा रेलू आला. त्याला सांगितलं मात्र, त्याने हातातला चमचा खाली ठेवला. एकदा पत्त्यावर नाव चढलं की माणूस घराचा भागीदार होतो, मग पोलीस आणा नाहीतर पाद्री, हलत नाही, असं आमच्या इमारतीत लहान पोरालाही माहीत आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या मावसबहिणीचं घर असंच गेलं म्हणतात. ती मावसबहीण कुणी पाहिलेली नाही, पण घर गेलं हे नक्की.

"आई, बाबांनी दोन खोल्यांसाठी जन्म काढला," रेलू म्हणाला. "आणि तू त्या रस्त्यावरच्या पोरीला देऊन टाक."

शुक्रवारी मी गेले नाही. दुसऱ्या दिवशीच्या चाळिसाव्यासाठी प्रसादाचे गहू शिजवायचे होते, शिवाय पाय दुखत होते, असं मी स्वतःलाच सांगितलं. खरं सांगायचं तर मी भ्याले. दाचियाना कचेरीच्या पायरीवर बसून राहिली, साडेचारला खिडकी बंद होईपर्यंत.

तरी शनिवारी ती आली, केस विंचरून. शुक्रवारचा शब्दही काढला नाही. आम्ही इमारतीच्या दारात पलंग मांडला, पाद्रीने धूप फिरवला, तिच्या हातात मेणबत्ती दिली. ती रीतीप्रमाणे पलंगावर बसली, गहू खाल्ले, पाणी प्याली आणि म्हणाली, "देव त्यांना क्षमा करो." शेजारी जेवले आणि जेवणासाठी आणलेली आपापली मेजं उचलून घरी गेले. ती बसूनच राहिली.

"मावशी, हा ठेवू कुठे?"

"तुझा आहे आता. विकलास तरी चालेल."

"विकला तर काका तिकडे कुठे झोपतील?"

जिन्याखाली दोन दिवस ठेवू द्या, एवढंच ती मागत होती. पण मेलेल्याच्या नावाने दिलेली वस्तू परत त्याच्या दारात घेत नाहीत, तो जीव अडकतो. रेलूने तिला हे समजावलं आणि पहिल्यांदाच मला रीतीचा आधार वाटला, त्याची आजही लाज वाटते.

मग ती माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, कचऱ्याच्या डब्यांशेजारी, त्या पलंगावर राहिली. दोन्ही सकाळी तिने चादरीचे कोपरे घट्ट खोचले, आश्रमात शिकवलं होतं तसे. मी सूप नेऊन दिलं. तिने संपवलं, वाडगा धुऊन दिला. वर बोलावलं मात्र नाही मी.

सोमवारी ती ओळखपत्राशिवायच कारखान्यात गेली. दुपारी परत आली तेव्हा कचऱ्याची गाडी पलंग घेऊन गेली होती. शेजाऱ्यांनीच फोन केला होता. मी पडद्याआडून पाहत होते. तिने वर खिडकीकडे पाहिलं, बराच वेळ. पांदेलेच्या सपाता तेवढ्या डब्यांपाशी पडल्या होत्या, त्या उचलून तिने झटकल्या, इमारतीच्या दाराशी जोडीने ठेवल्या आणि निघून गेली. मी जिना उतरेपर्यंत रस्ता मोकळा होता.

मंगळवारी मी कचेरीच्या त्या खिडकीशी गेले. आतल्या बाईला विचारलं, नाव चढवलं तर घर जातं का? तिने माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

"कुणी सांगितलं तुम्हाला, आजी? पत्ता लिहिल्याने कुणाचं घर जात नाही. नको झालं की अर्ज द्या, नाव निघतं. मुलीला घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे."

बसस्थानकावर गेले. झाडूवालीने सांगितलं, पिशवी घेऊन गेली. कुठल्या गाडीने, ते तिला ठाऊक नव्हतं. कारखान्यात विचारलं, तिथे दुसरी मुलगी घेतली होती.

याला आता सात महिने झाले. पलंग पांदेलेला पोचला की कचऱ्यात गेला, मी पाद्रीला विचारलेलं नाही. रोज मी घराचे कागद आणि माझं ओळखपत्र पिशवीत घालून बसस्थानकावर जाते. कचेरीची खिडकी साडेचारला बंद होते. तोवर बसते.